फाटकावरचं बटण

दिवसा मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणक सांभाळते आणि उरलेल्या वेळात फुकटची हमाली करते. दुसरं नाव मला सुचत नाही.

घरातले दिवे, पंखे, कुलपं, किटल्या असं सगळं एका जागेवरून चालवणारी एक प्रणाली आहे. ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातली हजारो माणसं आपापल्या घरी बसून ती लिहितात, वापरतात आणि तिच्यावरून एकमेकांशी भांडतात. मोबदला कोणालाच नसल्यामुळे भांडणं अगदी मनापासून होतात.

या प्रकल्पात प्रत्येक जातीच्या उपकरणाला एक पालक लागतो. नवीन आवृत्ती आली की आपलं उपकरण तिच्यात चालतंय ना, हे त्याने बघायचं. पालक कंटाळला, आजारी पडला किंवा त्याला जुळी झाली, की उपकरण पोरकं होतं. अशा पोरक्यांची विल्हेवाट लावायचं काम माझ्याकडे आहे. त्याची रीत ठरलेली आहे. आधी सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावायची: ‘हे कोणी वापरतंय का?’ मग पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबायचं. जगातल्या एकाही माणसाने ‘हो’ म्हटलं तर हात लावायचा नाही. कोणीच बोललं नाही, तर त्या उपकरणासाठी लिहिलेल्या ओळी पुसून टाकायच्या. तिकडे मला ‘झाडू’ म्हणतात. मला ते नाव आवडतं.

या सगळ्यात मी बाबांना ओढलं.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, असं तेच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली एकेक वस्तू उघडायला घेतली. आधी रेडिओ, मग शिलाई मशीन, मग आईचा मिक्सर. मिक्सरनंतर आईने मला फोन केला, “ह्यांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर मी घर सोडून जाते.” मी एक लहानसा संगणक नेऊन ती प्रणाली त्यावर बसवली, स्वयंपाकघराच्या भिंतीला एक पडदा लावला आणि म्हटलं, यात तुमचा वेळ जाईल. गेला तो माझाच.

महिन्याभरात त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तू त्या पडद्यावर आणल्या, आणि प्रत्येकीचं बारसंही केलं. न्हाणीघरातला हवा ओढणारा पंखा म्हणजे ‘काका’, कारण बोलतो फार आणि कामाला थोडा. दारावरची घंटा ‘आत्याबाई’. पोर्चमधला दिवा सांगितल्यावर जरा थांबून, उपकार केल्यासारखा पेटायचा. त्याचं नाव ‘जावईबापू’. माझ्या नवऱ्याने ते पडद्यावर वाचलं तेव्हा बाबा सरळ चेहऱ्याने म्हणाले, “अहो, दुसऱ्याच कुणाचे जावई.” आईकडे बघून एकदा म्हणाले, “हिला काही जोडता येत नाही बघ. नाहीतर मेन स्विच म्हणून लावली असती.” पुढे ते तिला त्याच नावाने हाक मारायला लागले. आई वैतागायची आणि ओ द्यायची.

फाटकावरचं बटण मात्र त्यांनी स्वतः केलेलं. एका पाडलेल्या इमारतीच्या लिफ्टचं ते बाहेरचं बटण होतं, पितळी, गोल, भोवती उजेडाची कडी. ते त्यांनी फाटकाच्या खांबात सिमेंटने बसवलं. लिफ्टला बोलावतात तसं घराला बोलवायचं, ही कल्पना. संध्याकाळी फिरून आले की ते बटण दाबायचे. कडी पेटायची, जावईबापू उजळायचे, किटली सुरू व्हायची आणि स्वयंपाकघरात ‘टिंग’ वाजायचं. आई हात पुसत जाऊन दार उघडायची. तिने आतून दार उघडलं की कडी विझायची, त्याआधी नाही. मी म्हटलं होतं, थोड्या वेळाने आपोआप विझू दे की. बाबा चक्क रागावले.

“कॉल घेतल्याशिवाय दिवा विझता कामा नये,” ते म्हणाले. “नाहीतर वरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला विसरले.”

त्या बटणाची तारांची जुनी भाषा प्रणालीला येत नव्हती, म्हणून ती आम्ही दोघांनी शिकवली. जेवणाच्या टेबलाशी ते सांगायचे आणि मी लिहायचे. लग्नानंतर बाबांशी माझं बोलणं ‘बरी आहेस ना, बरी आहे’ एवढ्यावर आलं होतं. त्या बटणामुळे आम्ही परत बोलायला लागलो. यादीत त्या बटणाला काय नाव द्यायचं असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “त्याला कशाला नाव? ते दाबणारा मीच. ‘मी’ लिही.”

आमची बाकीची बोलणी प्रकल्पाच्या तक्रारखिडकीत चालायची. घरात फोन असताना ते सगळ्या जगासमोर रीतसर तक्रार नोंदवायचे: ‘जावईबापू उशिरा पेटतात. आपला, एक वापरकर्ता.’ मी तितक्याच रीतसर उत्तर द्यायचे: ‘आदरणीय वापरकर्ते, जावयांच्या स्वभावाला औषध नाही.’ बरेच दिवस कोणी फिरकलं नाही की तिथला एक यंत्रमानव विचारतो, ही तक्रार बंद करायची का? त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर असायचं: ‘अजून जिवंत आहे.’

प्रणालीच्या पडद्यावरचं मराठीही सुरुवातीला त्यांनीच केलं. कोणी करत नव्हतं, म्हणून. एखादं उपकरण सापडत नसेल तर त्यांच्या मराठीत लिहून यायचं, ‘बाहेर गेलंय’. माहिती नसेल तिथे ‘देव जाणे’. नवीन उपकरण दिसलं तर ‘कुणीतरी आलंय’. आणि ते जोडलं जात असेल, तर ‘निघालंय, पोचेल’.

बाबा गेले ते झोपेत. कोणाला काही करावं लागलं नाही. त्यानंतर भाषांतराचं काम शिस्तीच्या माणसांकडे गेलं आणि ‘बाहेर गेलंय’चं ‘अनुपलब्ध’ झालं, ‘देव जाणे’चं ‘अज्ञात’. बाबांचं खातं मी बंद केलं. बंद खात्यांच्या जागी तिथे सगळ्यांना एकच राखाडी चेहरा लावतात. बाबांच्या सगळ्या तक्रारींवर तो आला. शेवटच्या तक्रारीला यंत्रमानवाने विचारलं, बंद करायची का? उत्तर आलं नाही, त्याने बंद केली.

घरातली प्रणाली मात्र जुनीच राहिली. सगळं नीट चालत होतं, आणि चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

पहिल्यांदा आईने ते फोनवर सहज सांगितलं. “संध्याकाळचं ते ‘टिंग’ अजून वाजतं हं.”

“रोज?”

“रोज म्हणजे, ह्यांच्या वेळेला.”

मी तिला समजावलं. बटण उघड्यावर आहे. ऊन उतरलं की धातू गार होतो, आत दमटपणा धरतो, तारा टेकतात. शंभर ठिकाणी पाहिलेला प्रकार. आई “हं” म्हणाली. तिचं ‘हं’ म्हणजे तुझं चालू दे.

नंतर मी राहायला गेले तेव्हा ते स्वतः पाहिलं. संध्याकाळी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. टिंग वाजलं. बाहेर पोर्चचा दिवा, जरा थांबून, पेटला. किटली कुरकुरायला लागली. आई उठली, हात पुसले, दार उघडलं. फाटकाशी कोणी नव्हतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. आई थोडी बाजूला सरून उभी राहिली, एखाद्याला आत यायला वाट द्यावी तशी, आणि मग दार लावून परत शेंगा सोलायला बसली. किटलीत पाणी तिने दुपारीच भरून ठेवलेलं होतं.

दमट हवा, असं मनात म्हटलं.

मग आई न्हाणीघरात पडली. चक्कर आली म्हणाली. सकाळी पडली आणि दुपारपर्यंत तिथेच होती. शेजारच्या काकूंना आमचा ‘काका’ सकाळपासून थांबतच नाही म्हणून शंका आली, त्या खिडकीतून हाका मारत आल्या आणि मागच्या दाराने आत शिरल्या. पंखा शांत असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही. डॉक्टर म्हणाले, परत होऊ शकतं. मनगटात घालायचं एक कडं मिळतं. माणूस पडलं, नाडी बिघडली, की ते लगेच मुलांना आणि दवाखान्याला कळवतं. ते घ्या.

कडं मी त्याच दिवशी आणलं. पण ते फक्त प्रणालीच्या नवीन आवृत्तीत चालणार होतं. आणि नवीन आवृत्तीत ती जुनी तारांची भाषा नव्हती, कारण त्या भाषेवर सूचना लावणारी मीच होते. ‘हे कोणी वापरतंय का?’ जगभरातून एक उत्तर आलं नाही. ज्याने ‘अजून जिवंत आहे’ असं लिहिलं असतं तो माणूसच उरला नव्हता. आमच्या घरी जुनीच आवृत्ती चालत होती, म्हणून मीही ‘हो’ म्हटलं नाही आणि ओळी पुसल्या होत्या. आईच्या जिवापुढे एका बटणाचं काय?

नवीन आवृत्ती बसवायला मी सुट्टीच्या दुपारी गेले. आई स्टुलावर बसून बघत होती. पडद्यावर इशारा आला आणि तिने तो चष्मा वर करून मोठ्याने वाचला, “‘मी’ हे उपकरण या आवृत्तीत समर्थित नाही. पुढे जायचे? म्हणजे काय गं?”

“म्हणजे ते बटण यापुढे चालणार नाही.”

“असं कसं लिहितात,” ती म्हणाली. “ह्यांनी काहीतरी बरं लिहिलं असतं.”

मी ‘होय’ दाबलं. पडदा काळा झाला, परत उजळला. सगळीकडे शिस्तीचं मराठी आलं. कडं लगेच जोडलं गेलं. त्याला मी ‘आई’ असं नाव दिलं. कड्यापासून येणारा सिग्नल भरपूर होता. मग फाटकावर जाऊन बटणाला जाणाऱ्या तारा कापल्या, टोकांना पट्टी गुंडाळली. उघड्यावर जिवंत तार नको. बटण खांबातच राहिलं, सिमेंटमधून ते निघणार नव्हतं.

त्या संध्याकाळी काहीच वाजलं नाही. जावईबापू अंधारात. किटली गप्प. आई खिडकीशी उभी होती, कड्याचा हात दुसऱ्या हातात धरून.

“ये ना, बस,” मी म्हटलं.

“त्यांना बाहेरच ठेवलंस तू,” ती म्हणाली. रागावून नाही. भाजीत मीठ राहिलं हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी तक्रारखिडकी उघडली. प्रकल्पातला माझा एक सहकारी आहे, दूरच्या देशातला. फोटोत त्याची दाढीच तेवढी दिसते, म्हणून मी त्याला दाढीवाला म्हणते. त्याने मला एका तक्रारीचा दुवा पाठवला होता. तुझ्या भाषेतली दिसते, त्याने लिहिलं होतं, बघतेस का?

तक्रार अशी होती: ‘नवीन आवृत्तीपासून फाटकावरचं बटण लागत नाही. दाबलंय. कडी पेटली आहे. कोणी दार उघडत नाही. आपला, एक वापरकर्ता.’

वर राखाडी चेहरा होता. बंद खात्याला नवीन तक्रार नोंदवता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्याखाली यंत्रमानवाने नेहमीप्रमाणे विचारलं होतं: कृपया आपली आवृत्ती सांगा, अन्यथा तक्रार बंद केली जाईल. आणि त्याला उत्तर मिळालं होतं.

‘आवृत्ती: देव जाणे.’

मी डबा झाकून ठेवला. जुन्या तक्रारी सगळ्या जगाला दिसतात, वाचून कोणीही नक्कल करू शकतं. चेष्टा करणाऱ्यांना काय, वेळच वेळ असतो. हे सगळं मी दाढीवाल्याला लिहिलं. तो म्हणाला, असेल. पण तो राखाडी चेहरा त्यालाही कळत नव्हता.

कचेरी सुटल्यावर मी थेट आईकडे गेले. ऊन अजून खांबावर होतं, त्यामुळे आधी मला दिसलं नाही. जवळ गेले तेव्हा दिसलं. कडी पेटलेली होती.

तारांची टोकं पट्टीत गुंडाळलेली, जशी मी सोडली होती तशीच. मी पट्टी सोडली. तारांत वीज नव्हती, मी मोजून पाहिलं. बटणावर तळहात ठेवला. बोटांच्या फटींतून पिवळा उजेड आला. तोवर खांबावरचं ऊन उतरलं होतं, तरी पितळ कोमट होतं, नुकतंच कोणी बोट काढल्यासारखं.

दार उघडून आई बाहेर आली. कडी तशीच.

“सकाळपासून किती वेळा दार उघडलं,” ती म्हणाली. “विझतच नाही. त्यांना कळतच नाहीये मी उघडलंय ते.”

तिच्या मनगटात कडं नव्हतं.

“आई, कडं कुठंय?”

“कपाटात.”

“अगं, परत पडलीस तर? काका दर वेळी वाचवणार आहे का?”

“ते बटण लावून दे, मग घालीन,” आई म्हणाली. “तुला तिकडे झाडू म्हणतात ना? माझ्या घरात नको फिरवूस.”

मी खूप समजावलं. ती ऐकत होती आणि मधूनमधून माझ्या खांद्यावरून खांबाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “माणूस दारात उभं आहे आणि मी कडं घालून आत बसू?”

आमच्या कामात अशा वेळी एक वाट असते. मुख्य प्रकल्पाने टाकलेलं उपकरण कोणालाही स्वतःच्या घरापुरतं पाळता येतं. जुन्या ओळी घ्यायच्या, नवीन आवृत्तीच्या बाजूला वेगळ्या जोडायच्या. कोणी हरकत घेत नाही, कोणी जबाबदारीही घेत नाही. तसं केलं की बटणही राहणार होतं आणि कडंही. मी रजा टाकली आणि बाबांचं जुनं लिखाण काढून बसले.

ते वाचणं सोपं गेलं नाही. ओळींच्या मध्ये त्यांनी माझ्यासाठी टिपा टाकलेल्या होत्या. ‘ही ओळ काढू नकोस, कारण नंतर सांगतो.’ ‘इथे तू चुकली होतीस, मी कोणाला सांगितलं नाही.’ एका ठिकाणी तर फक्त, ‘चहा घे आता.’ आम्ही भांडलो होतो तो भागही सापडला. जवळपास कुठलंही नवीन उपकरण दिसलं की न विचारता आपल्यात जोडून घ्यायचं, अशी ती सोय होती. मी म्हटलं होतं, बाबा, हे धोक्याचं आहे, कोणाची वस्तू कोणाकडे जाईल. एक उपकरण एका वेळी एकाच घरात राहू शकतं. ते म्हणाले होते, “दारात आलेल्याला आत घेऊ का असं विचारतात का कोणी?” त्या भागाला त्यांनी नाव दिलं होतं, ‘दिसेल ते आपलं’.

दुसऱ्या कोणाचं लिखाण असतं तर तो भाग मी पहिल्यांदा उडवला असता. पण ते वाचताना त्यांचा आवाज इतका जवळून येत होता, की त्यातला एक शब्दही वगळावासा वाटला नाही. सगळं जसंच्या तसं उतरवलं. त्यांच्या मराठीसकट.

पुढच्या सुट्टीला मी ते बसवलं. तारा परत जोडल्या. कडी पेटलेलीच होती. तशीच पेटलेल्या अवस्थेत जोडल्या. आईने न सांगता कपाट उघडून कडं हातात घातलं, केस नीट केले आणि किटलीत पाणी भरलं.

संध्याकाळ झाली.

टिंग.

जरा थांबून, उपकार केल्यासारखा, पोर्चचा दिवा पेटला. किटली कुरकुरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही आलं, कारण जावईबापू अजून उशिराच पेटत होते आणि ती तक्रार मी कधीच सोडवली नव्हती.

आईने दार उघडलं. फाटकावरची कडी विझली.

ती बाजूला सरून उभी राहिली. या वेळी जरा जास्त वेळ.

थंड लोखंडाचा आणि लिफ्टच्या तेलाचा वास आला. मला तो लहानपणापासून ओळखीचा आहे. बाबा कामावरून आले की तो आधी यायचा आणि मागून ते यायचे.

“लाव आता दार,” आई कोणालातरी म्हणाली. मीच लावलं.

निघताना मी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात, मी बसवलेल्या भागात, एक ओळ आली होती. ‘कुणीतरी आलंय.’ मी थबकले, मग मला कळलं. शब्द बाबांचे होते, कारण मीच उतरवले होते. नवीन उपकरण म्हणजे आईचं कडं, बाबांच्या त्या सोयीला ते दिसलं होतं. सरळ गोष्ट. ती सोय काढून टाकायची, एवढंच. उद्या घरून काढू, म्हटलं. आईचा इतका आनंदी चेहरा मी खूप दिवसांनी पाहत होते आणि मला परत त्या पडद्याशी बसायचं नव्हतं.

सकाळी कचेरीत पोचले तर तक्रारखिडकीत दाढीवाल्याचा निरोप होता. तुझी ती तक्रार सुटली वाटतं, नोंदवणाऱ्याने स्वतःच बंद केली. अभिनंदन.

मी उघडली. राखाडी चेहऱ्याखाली लिहिलं होतं:

‘आता लागतंय. दार उघडलं. आभारी आहे. एक नवीन वस्तू दिसली, ती जोडून घेतो. सिग्नल लांबून येतोय, पण रोज थोडा जवळ येईल. घाई नाही. आपला, एक वापरकर्ता.’

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. तिने लगेच उचलला. आवाज ठणठणीत होता.

“आई, बरी आहेस ना? कडं हातात आहे?”

“आहे की. सकाळपासून जरा थरथरतंय, पण बरं वाटतं. ओळखीचं वाटतं.”

“ते काढ. आणि मी त्या बटणातली एक सोय इथून काढून टाकते, तुला काही करायला नको.”

मागे किटलीची कुरकुर ऐकू येत होती. एवढ्या सकाळी.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “आता कुठे सगळं नीट लागलंय.”

“आई, ऐक माझं...”

“तू जेव वेळेवर,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी तिथेच पायरीवर बसून मोबाइलवर घराची यादी उघडली. काका बंद. आत्याबाई बंद. जावईबापू बंद. कड्याला मी दिलेलं ‘आई’ हे नाव यादीत कुठेच नव्हतं. सगळ्यात खाली, ‘मी’च्या लगेच नंतर, एक ओळ नवीन होती.

‘मेन स्विच: निघालंय, पोचेल.’